रानअळू : गुण, खाज आणि खबरदारी

पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की ओढ्याकाठी, परसातल्या सांडपाण्याच्या पाटाशी, गडग्यांच्या कडेने रानअळू तरारून वर येते. आमच्या कोकणात त्याला तेरे म्हणतात, गोव्यातही हेच नाव. मराठवाड्यात अळवाला चमकुरा, तर विदर्भात धोपा म्हणतात. बाजारात तेऱ्याच्या जुड्या दिसू लागल्या की माझ्या दवाखान्यात घसा धरून येणारे रुग्णही दिसू लागतात. ‘रानभाजी औषधी म्हणून खाल्ली, मग तोंडाला आग का पडली?’ असा त्यांचा प्रश्न असतो.

बागेतले अळू आणि हे रानातले, दोघे एकाच जातीचे. शास्त्रीय नाव कोलोकेशिया एस्क्युलेंटा. ‘एस्क्युलेंटा’ म्हणजे खाण्याजोगे! कच्चे पान ज्याने एकदा चावले आहे, त्याला हे नाव थट्टेचेच वाटेल. सुरण आणि शेवळे हे त्याचे भाऊबंद. रानातल्या अळवाचा कंद लहान असतो आणि त्याला जमिनीलगत धावते फुटतात, म्हणून ते ओलीच्या जागी भराभर पसरते. फूल क्वचितच दिसते. पिवळसर आवरणाच्या आत एक दांडा आणि त्यावर दाटीने बसलेली बारीक बारीक फुले, अशी त्याची रचना असते. पानावर मेणाचा अतिसूक्ष्म, खडबडीत थर असतो, त्यामुळे पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते. ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात ते हेच.

आता खाजेविषयी. पान, देठ, कंद या सर्वांत काही खास पेशी असतात आणि त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया जुडी बांधल्यासारख्या भरलेल्या असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्या स्पष्ट दिसतात. पान चावले की पेशी फुटते आणि सुया जिभेत, टाळ्यात, घशात घुसतात. सुयांसोबतची काही प्रथिने ही आग आणखी वाढवतात. गुरांनी आणि किड्यांनी खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही सोय आहे. रानातल्या झाडात ती जास्त, लागवडीच्या जातींत कमी. पिढ्यान्‌पिढ्या कमी खाजरे कंद निवडून लावल्याचा हा परिणाम.

आपल्या आजीबाईंना सुया दिसल्या नव्हत्या, पण त्यांनी तोड मात्र काढली होती. चिरण्याआधी हाताला खोबरेल लावायचे, देठ सोलायचे, शिरा काढायच्या, भरपूर शिजवायचे आणि चिंच, कोकम किंवा आंबाडे घालायचे. यातले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिजवणे. पुष्कळजण चिंचेवर भिस्त ठेवून भाजी लवकर उतरवतात. आंबटाने खाज कमी लागते हा अनुभव खरा, पण सुया काही चिंचेच्या कोळात विरघळून जात नाहीत. तेरे असेल तर आधी उकळून ते पाणी टाकून द्यावे आणि मग फतफते करावे. ऑक्झलेटचा पाण्यात विरघळणारा भाग त्यामुळे बराचसा निघून जातो. ताकातले अळू हाही शहाणपणाचा प्रकार आहे. ताकातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. वडीसाठी मात्र रानातली पाने वापरू नयेत. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे, त्यांनी तेरे आणि अळू दोन्ही टाळावे, कारण बहुतेक मुतखडे याच कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. बाकीच्यांनी आठवड्यातून एखादे वेळी खुशाल खावे. पानांत अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक भरपूर असतो.

औषधी उपयोगांपैकी सर्वांत जुना आणि सर्वत्र आढळणारा म्हणजे देठाचा रस. कोयता लागला की शेतकरी देठ पिळून रस जखमेवर सोडतात. रक्त थांबवण्याचा हा गुण एकोणिसाव्या शतकातल्या औषधी वनस्पतींवरील इंग्रजी ग्रंथांतही नोंदलेला आहे. गांधीलमाशी चावली तरी हाच रस चोळतात. किरकोळ खरचटण्यापलीकडे मात्र मी हा उपाय सुचवणार नाही. ओढ्याकाठच्या देठाबरोबर चिखलही जखमेत जातो. जखम खोल असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

मूळव्याधीवर रानअळूचा कंद खावा असे काहीजण सांगतात. येथे घोटाळा आहे. ग्रंथांत ‘अर्शोघ्न’, म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा, हे नाव सुरणाला आहे, अळवाला नव्हे. आणि सुरणसुद्धा वैद्य कच्चा देत नाहीत. कच्च्या कंदाचा किंवा पानांचा रस पोटात घेण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नये.

दिसायला सारख्या झाडांपासूनही सावध राहावे. कासाळू अळवापेक्षा खूप मोठे होते आणि त्याची पाने वर रोखलेली असतात. पान उलटून पाहावे. अळवाचा देठ पानाच्या खाचेपासून थोडा आत, पाठीला चिकटलेला असतो. वाढलेल्या कासाळूचा देठ थेट खाचेशी जुळतो. ओळख पटत नसेल तर भाजी घेऊच नये. हल्ली दिवाणखान्यातल्या कुंड्यांत ठिपक्यांच्या पानांचे डिफेनबॅकिया असते. तेही याच कुळातले आणि तितकेच दाहक आहे. रांगत्या मुलाच्या हाताला लागेल असे ते ठेवू नये.

चुकून कच्चे पान खाल्ले गेलेच, तर तोंडातला चोथा काढून पाण्याने चुळा भराव्यात आणि गार दूध घोटघोट प्यावे. उलटी करवू नये. रस डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवून डॉक्टरांना दाखवावा. जीभ सुजली, लाळ गळू लागली, गिळता येईना किंवा आवाज घोगरा झाला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. श्वासमार्ग सुजून बंद होण्याचा धोका असतो, म्हणून रुग्णाला ताबडतोब जवळच्या रुग्णालयात न्यावे.