काचपेटीतील मृदू प्रवाळ

मैंदर्गीस समुद्र नाही, तथापि शुद्ध पाण्यात दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम समुद्री क्षार विरघळवून (खाण्याचे मीठ चालत नाही!) घरी 'झेनिया' नामक मृदू प्रवाळ पाळता येतो. हा वनस्पती नव्हे, प्राणी होय. त्याचे आठ बाहू मुठीप्रमाणे उघडमीट करितात. देहातील सूक्ष्म शैवाले प्रकाशाने त्याचे पोषण करितात. आमच्या उन्हाळ्यात पाणी २६ अंशांच्या आसपास राखणे मात्र खर्चाचे.

तो जगला म्हणजे खरी पंचाईत! शेजारच्या दगडांवर पसरून तो मंद वाढणाऱ्या प्रवाळांस झाकून टाकितो. याकरिता त्याचा दगड वाळूत बेटासारखा एकटा ठेवावा. छाटलेले तुकडे उन्हात वाळवावेत. समुद्रात कदापि टाकू नयेत. याच कुळातील 'उनोमिया' व्हेनेझुएलाच्या समुद्रात शिरून तेथील मूळ प्रवाळांवर पसरला आहे, आणि आपल्या मालवणासही प्रवाळ आहेत.