ठरावाआधीचा कागद

महापालिकेच्या सभागृहात हात वर होतात तेव्हा निर्णय झाला, असे आपण समजतो. पण त्या निर्णयाचा मसुदा, त्याची भाषा आणि बऱ्याचदा त्याचा निकालही सभेआधी वाटल्या जाणाऱ्या कार्यपत्रिकेत ठरून गेलेला असतो. एखादे खाते प्रस्ताव तयार करते, लेखा विभाग अभिप्राय देतो, आयुक्तांची सही होते आणि कागद नगरसचिवांकडे जातो. मुंबईत हे काम महापालिका चिटणीसांचे. तिथे प्रस्तावाला विषय क्रमांक मिळतो आणि तो स्थायी समितीसमोर किंवा मुख्य सभेसमोर येतो. विषयाचे वाक्य सहसा एकच, चार-पाच ओळी लांब, आणि शेवटी ‘मान्यता मिळणेबाबत’. रक्कम, जागा, सर्व्हे क्रमांक, ठेकेदार हा सारा तपशील सोबतच्या गोषवाऱ्यात असतो. ज्याच्या हाती नुसती विषयसूची आहे, त्याला मथळा कळतो. ज्याच्या हाती गोषवारा आहे, त्याला निर्णय कळतो. म्हणून हा कागद सभेआधी, पूर्ण स्वरूपात, सामान्य रहिवाशाच्या हाती पडला पाहिजे. स्थानिक लोकशाहीच्या सगळ्या सुधारणांत मला ही पहिली वाटते.

खेळाच्या मैदानाचे आरक्षण बदलण्याचा विषय घ्या. कार्यपत्रिकेत तो ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७ अन्वये फेरबदल’ एवढ्याच ओळखीने येतो. मैदानाचे नाव कधी असते, कधी फक्त सर्व्हे क्रमांक. शेजारच्या सोसायटीतल्या माणसाला हे आपल्याच मुलांच्या मैदानाबद्दल आहे हे उमजायला नकाशा लागतो आणि नकाशा गोषवाऱ्याला जोडलेला असतो. फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, हरकतींसाठी एक महिना मिळतो, मग प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो. तो महिना मोलाचा आहेच. पण तोवर प्रशासनाने आपली बाजू मांडलेली असते आणि नगरसेवक मत देऊन मोकळे झालेले असतात. रहिवासी तिथे पोहोचतो तो तक्रारदार म्हणून. सभेआधी पोहोचला असता, तर त्याच्या प्रश्नावर एखादी उपसूचना येऊ शकली असती.

लोक असले कागद वाचत नाहीत, हा यावरचा पहिला आक्षेप. त्याला मुंबईच्या विकास आराखड्याने उत्तर दिलेले आहे. २०१४ ते २०३४ या काळासाठीचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा नागरिकांनी आपापल्या वस्तीची पाने उघडून रस्ते, वारसावास्तू, प्रार्थनास्थळे यांच्या खुणांतल्या चुका शोधल्या आणि हजारोंनी हरकती नोंदवल्या. दोनच महिन्यांत राज्य सरकारला तो आराखडा दुरुस्त करून नव्याने मांडण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. नगररचनेची परिभाषा काही त्या लोकांना आधीपासून येत नव्हती. आपल्या गल्लीचा नकाशा समोर आला, एवढे पुरेसे होते.

यात कामे रखडतील, हा दुसरा आक्षेप. प्रशासनाचा आवडता आणि अगदीच पोकळ नव्हे. पण विनाअडथळा कारभार कसा असतो, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. २०२० पासून एकेका महापालिकेची मुदत संपत गेली. मुंबई आणि पुण्याची मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते की मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. तरीही २९ महापालिकांची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली, तीही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. मुंबईचा २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्पही याच वाटेने गेला. विषय क्रमांक पडत राहिले, ठराव होत राहिले. पण हा खर्च याच प्रभागात का, असे उठून विचारणारे त्या खोलीत कुणी नव्हते. विलंबाची एवढी भीती बाळगणाऱ्यांनी त्या वर्षांतल्या खोदलेल्या रस्त्यांकडेही पाहावे.

शेवटचा शब्द राज्य सरकारचा असतो, मग पालिकेचा कागद वाचून काय उपयोग, असेही म्हटले जाते. पुण्याच्या मिळकतकराची गोष्ट इथे बोलकी आहे. घरमालक स्वतः राहत असेल तर करआकारणीत ४० टक्के सवलत, हे १९७० च्या ठरावाने सुरू झाले. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने तो ठराव विखंडित केला. बिले वाढली, थकबाकीची टांगती तलवार आली, लोकांनी आवाज उठवला, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाला सवलत परत द्यावी लागली. सरकारचा अधिकार यातून दिसतोच. पण जवळपास पन्नास वर्षे घरोघरचा कर एका ठरावावर उभा होता आणि त्याचा कायदेशीर पाया तपासून पाहावा असे फारसे कुणाला सुचले नाही, हेही दिसते. मुंबई सोडून इतर महापालिकांना लागू असलेला १९४९ चा कायदा पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायला सांगतो. रहिवाशाच्या खिशाला थेट हात घालणारी ही तारीख किती घरांत माहीत असते?

नगरसेवक निवडून दिले, आता वाचण्याचे काम त्यांचे, हा युक्तिवाद मला सर्वांत कमकुवत वाटतो. स्थायी समितीत मुंबईत २७ आणि इतरत्र १६ सदस्य असतात. बाकीच्यांना तिथले विषय बाहेरूनच कळतात. प्रभाग समित्यांची तरतूद ७४ व्या घटनादुरुस्तीत आहे, क्षेत्रसभेची राज्याच्या कायद्यात. पण क्षेत्रसभा कागदावरच राहिल्या. नव्या सभागृहांना मात्र या कुणाची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक विषयाचा गोषवारा, नकाशा आणि रकमेसह, प्रभागाच्या नावाने लावून, सभेच्या किमान आठवडाभर आधी संकेतस्थळावर आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर ठेवायचा, एवढा ठराव पुरे. ऐनवेळी दाखल होणाऱ्या विषयांना यातून सूट द्यायची ती खऱ्या आपत्तीपुरती, आणि तिचे कारण इतिवृत्तात लिहून. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ग), महत्त्वाची धोरणे आखताना किंवा जनतेवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करा, असे सार्वजनिक प्राधिकरणाला आधीच बजावतो. त्यासाठी कुणी अर्ज करण्याचीही अट नाही.