‘छळ झाला का?’ असं विचारू नका

मागच्या सेमिस्टरला प्रोजेक्टसाठी मी वर्गात एक प्रश्नावली वाटली. विषय कॅम्पसवरची सुरक्षितता. पहिलाच प्रश्न टाकला, ‘तुमचा कधी लैंगिक छळ झाला आहे का?’ एका बाकावर तिघी, कोण कुठे टिक करतंय ते शेजारणीला दिसतंय. गठ्ठा परत आला तो नुसता ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. सगळं आलबेल!

नंतर कॅन्टीनमध्ये चहा घेताना त्याच मुली बोलायला लागल्या. जिन्यात मुद्दाम घासून जाणारा सीनियर. रात्री साडेअकराला ‘झोपलीस का’ विचारणारा आणि नंतर फोटो मागणारा. जर्नल तपासताना पाठीवर हात ठेवणारे सर. मी म्हटलं, अगं मग फॉर्मवर ‘नाही’ का लिहिलंस? तर म्हणे, ‘ह्याला छळ म्हणतात होय? एवढं तर चालतंच की!’

तुम्हीही असा सर्व्हे करणार असाल तर माझी चूक करू नका. ‘छळ’ म्हटलं की डोळ्यांसमोर पेपरातली मोठी बातमी येते, कॉलेजचा जिना येत नाही. म्हणून घडलेली गोष्ट विचारा. नको असताना कुणी हात लावला? घाणेरडी कमेंट मारली? अश्लील क्लिप दाखवली? मार्कांच्या बदल्यात काही मागितलं? २०१३ च्या कायद्यात लैंगिक छळ म्हणून हेच प्रकार लिहिलेत. आणि हे प्रश्न मुलांनाही विचारा. त्यांच्यावरही वेळ येते, फक्त ते आणखी कमी बोलतात.

अमेरिकेत २०१९ मध्ये ३३ विद्यापीठांत असा सर्व्हे झाला, १ लाख ८१ हजारांवर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. बलात्कार, अत्याचार असे शब्द टाळून काय घडलं तेवढंच विचारलं होतं. पदवीच्या जवळपास चौघींत एकीने बळजबरीचा किंवा संमती देता येत नसतानाचा लैंगिक स्पर्श वा त्याहून गंभीर अनुभव सांगितला. (ज्यांना फॉर्म पाठवला त्यांतल्या शंभरात २२ जणांनीच तो भरला, तेव्हा आकडा जपून वापरायचा.) तक्रार का नाही केली? खूप जणींचं कारण एकच, तेवढं गंभीर वाटलं नाही. म्हणजे आमच्या कॅन्टीनचंच उत्तर, फक्त इंग्रजीत.

आणि गेटच्या आतलंच विचारून थांबू नका. आपल्याकडे कितीतरी जणी मोहोळ, अक्कलकोट, बार्शीहून एसटीने अप-डाऊन करतात. विद्यापीठ केगावला, पुणे हायवेवर. अंधारात स्टॉपवर थांबणं, गाडीतली गर्दी, याचेही प्रश्न हवेत. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांतही पुरेसे दिवे आणि भरवशाची वाहतूक यांचा उल्लेख आहे. सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत, असंही त्यात आहे. हे वाचून माझी हॉस्टेलवाली मैत्रीण पाच मिनिटं हसत होती.

फॉर्म वर्गात वाटू नका, मोबाईलवर द्या, एकटीला भरता येईल असा. ईमेल घेण्याचं सेटिंग बंद ठेवा. विभाग, वर्ष आणि गाव तिन्ही विचारलंत तर नाव न लिहिताही मुलगी ओळखू येते. कुठलाही प्रश्न सोडायची मुभा द्या.

फॉर्म भरला म्हणजे तक्रार झाली असं नाही, हेही त्यावर लिहा. तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे करायची, जिला बरीच कॉलेजं अजून ‘विशाखा समिती’ म्हणतात. मुदत घटनेपासून तीन महिने, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लेखी देणं जमत नसेल तर समितीने मदत करायची. चौकशी ९० दिवसांत संपवायची. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत, निवडून आलेले.

फॉर्मच्या शेवटी समितीचे नंबर टाकावेत म्हणून मी आमच्या कॉलेजात यादी शोधली. नोटीस बोर्डवर परीक्षेच्या वेळापत्रकाखाली सापडली. त्यातली विद्यार्थिनी प्रतिनिधी दोन वर्षांपूर्वीच पास होऊन पुण्याला गेलीये.