व्याकरण व इतिहास यांच्या आधारे बायबलचे अर्थनिर्णयन : पंडिता रमाबाईंच्या अनुवादकार्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

मराठवाड्यातील महाविद्यालयांत प्राचीन मराठी वाङ्मयाचे अध्यापन करणाऱ्यांना एक अडचण चांगलीच परिचयाची आहे. महानुभावांचा 'सूत्रपाठ' विद्यार्थ्यांसमोर ठेवला असता सूत्रातील शब्द कळतात, परंतु अर्थ हाती लागत नाही. श्रीचक्रधरांनी ते वचन कोणास उद्देशून व कोणत्या प्रसंगी उच्चारले हे समजल्यावाचून सूत्र मुकेच राहते. महानुभाव पंडितांनी ही अडचण फार पूर्वीच ओळखली होती. भीष्माचार्यांनी 'पंचवार्तिका'त सूत्रांच्या भाषेची व्याकरणदृष्ट्या चिकित्सा केली, तर 'प्रकरणवश' या ग्रंथाने सूत्रांमागील प्रसंग नोंदविले. शब्दाची रचना आणि उच्चारणाचा प्रसंग हे अर्थनिर्णयाचे दोन आधार आपल्या परंपरेला नवे नाहीत.

बायबलच्या अभ्यासातही याच दोन आधारांवर उभी असलेली एक पद्धती आहे. तिला व्याकरणिक-ऐतिहासिक पद्धती असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप, मराठीत तिचे महत्त्व ओळखणाऱ्या पंडिता रमाबाईंचे कार्य, काही निवडक वचनांची चर्चा आणि पद्धतीच्या मर्यादा यांचा क्रमाने विचार केला आहे.

पद्धतीचे स्वरूप

बायबल हा एक ग्रंथ नसून अनेक शतकांत रचल्या गेलेल्या ग्रंथांचा संग्रह आहे. जुना करार मुख्यत्वे इब्री भाषेत असून त्याचा काही भाग अरामी भाषेत आहे. नवा करार तत्कालीन व्यवहारातील ग्रीक भाषेत लिहिला गेला. वाचकाच्या हाती असतो तो अनुवाद. आणि प्रत्येक अनुवादात अनुवादकाने केलेले निर्णय दडलेले असतात. हे निर्णय तपासण्याचे साधन म्हणजे मूळ भाषा. युरोपात इरॅस्मसने १५१६ मध्ये नव्या कराराची मूळ ग्रीक संहिता छापून प्रसिद्ध केली आणि मूळ भाषेतून अर्थ तपासण्याच्या प्रवृत्तीस मोठी चालना मिळाली.

या पद्धतीत प्रथम शब्दाचे रूप, विभक्ती, काळ व वाक्यरचना पाहिली जाते. त्याच लेखकाने तो शब्द अन्यत्र कसा योजला आहे याचा शोध घेतला जातो. आणि त्यानंतर त्या काळातील कायदा, चालीरीती, राज्यव्यवस्था व श्रोतृवर्ग यांच्या प्रकाशात वाक्याचा अर्थ निश्चित केला जातो. येथे केवळ व्युत्पत्तीवर विसंबणे धोक्याचे ठरते. मराठीत कीर्तनकारासही 'महाराज' म्हणतात आणि स्वयंपाक्यासही. 'महान राजा' या व्युत्पत्तीवरून यांपैकी एकाही उपयोगाचा उलगडा होत नाही. तो वापरावरूनच होतो.

पंडिता रमाबाई आणि मूळ भाषांचा आग्रह

मराठीत बायबलच्या अनुवादाचा प्रारंभ विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर येथील कार्यापासून झाला. त्यांनी मत्तयकृत शुभवर्तमानाचा मराठी अनुवाद आणि मराठी भाषेचे व्याकरण ही दोन्ही १८०५ मध्ये प्रसिद्ध केली, ही गोष्ट सूचक आहे. तथापि मराठी स्त्रीने मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे श्रेय पंडिता रमाबाईंकडे (१८५८–१९२२) जाते.

रमाबाईंची तयारी संस्कृत व्याकरणाची होती. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि मातेकडून ते ज्ञान रमाबाईंकडे आले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचा 'पंडिता' व 'सरस्वती' या उपाधींनी गौरव केला. धर्मग्रंथातील वचने स्त्रीच्या विरोधात कशी वापरली जातात याची चिकित्सा त्यांनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केली होती. १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरही कोणाच्या सांगण्यावरून अर्थ मान्य करण्याची त्यांची वृत्ती नव्हती. इंग्लंडमधील धर्मगुरुजनांशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात ही स्वतंत्र वृत्ती स्पष्ट दिसते. पुढे केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून अनुवाद हाती घेतला. अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी सोपी मराठी त्यांना अभिप्रेत होती. छपाईच्या कामातही मुक्तीतील स्त्रियांचा सहभाग होता. हा अनुवाद त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या समाजात स्त्रीला मूळ ग्रंथाचा अधिकार नाकारला गेला होता, त्या समाजातील एका स्त्रीने मूळ भाषेचा अधिकार स्वकष्टाने मिळविला, हे या कार्याचे खरे मर्म होय.

निवडक उदाहरणे

१) 'साहाय्य' या शब्दाचा दर्जा : उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीच्या निर्मितीच्या संदर्भात 'एझेर' हा इब्री शब्द येतो. 'मदतनीस' असा अर्थ करून स्त्रीचे स्थान दुय्यम असल्याचे प्रतिपादन अनेकदा केले गेले. परंतु जुन्या करारात हा शब्द बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष देवाच्या साहाय्यासाठी योजलेला आहे. उदाहरणार्थ, १२१ वे स्तोत्र. शिवाय त्याला जोडून येणाऱ्या 'केनेग्दो' या पदाची फोड 'सारखे', 'समोर' व 'त्याच्या' अशी तीन घटकांत होते. म्हणजे 'त्याच्या समोर उभे राहणारे, त्याच्या तोडीचे साहाय्य' असा आशय निघतो. दुय्यमत्व या शब्दांत नाही. ते वाचणाऱ्याने आणलेले आहे.

२) फिबीचे पद : रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल फिबी नावाच्या स्त्रीची ओळख करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातील मंडळीची 'दियाकोनोस' अशी करून देतो. हाच शब्द त्याने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्वतःसाठी व अपुल्लोससाठी वापरला आहे. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी अनुवादात मात्र पौल व अपुल्लोस यांच्या संदर्भात या शब्दासाठी धर्मसेवेच्या पदाचा वाचक शब्द येतो आणि फिबीच्या संदर्भात 'चाकर' या अर्थाचा. मूळ शब्द एकच असता अनुवादाने भेद निर्माण केला. पुढच्याच वचनात तिला आश्रयदात्री म्हटले आहे. रोमन समाजात आश्रयदाता हा प्रतिष्ठेचा व साधनसंपन्न घटक असे, हे लक्षात घेतल्यास 'चाकर' हा अर्थ अधिकच अपुरा वाटतो.

३) वेठ आणि दुसरा मैल : कोणी एक मैल चालण्यास लावल्यास त्याच्याबरोबर दोन मैल जावे, असे वचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. वरवर पाहता हा शेजारधर्माचा उपदेश वाटतो. परंतु तेथील क्रियापदाचा अर्थ सक्तीने राबविणे असा असून त्याचे मूळ इराणी राजवटीतील डाकव्यवस्थेशी जोडले जाते. कुरेनेकर शिमोनाला वधस्तंभ वाहण्यास भाग पाडले, तेथेही मत्तयाने हेच क्रियापद योजले आहे. रोमन सत्ता प्रजेकडून अशी सेवा घेत असे. आजच्या तुर्कस्तानातील सागालासोसशी संबंधित पहिल्या शतकातील शिलालेखात अशा सक्तीच्या वाहतुकीवर मर्यादा घालणारे नियम आहेत. हैदराबाद संस्थानातील वेठबिगारीच्या कथा ऐकलेल्या आपल्या भागातील वाचकास या वचनातील ताण चटकन जाणवेल. पहिला मैल सत्तेच्या हुकमाचा, तर दुसरा चालणाऱ्याच्या स्वतःच्या निर्णयाचा आहे.

४) 'आम्ही' की 'आपण' : मार्काच्या चौथ्या अध्यायात वादळात सापडलेले शिष्य निजलेल्या येशूला जागे करतात. 'बुडतो आहोत' या अर्थाचे ग्रीक क्रियापद प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे. मराठीत 'आम्ही' म्हटले तर ऐकणारा वगळला जातो, 'आपण' म्हटले तर तोही सामावतो. ग्रीकमध्ये हा भेद नाही. येशू त्याच तारवात असल्याने 'आपण' सयुक्तिक वाटते. पण 'तुम्हांला काळजी नाही काय' या तक्रारीच्या सुराशी 'आम्ही' अधिक जुळते. सर्वनाम गाळून अनुवादकाला हा निर्णय टाळता येईल. वर्गात अर्थ सांगणाऱ्या प्राध्यापकाला मात्र तो घ्यावाच लागतो. येथे मूळ व्याकरण मौन पाळते आणि प्रसंगाचा विचार अपरिहार्य ठरतो.

पद्धतीच्या मर्यादा

ही पद्धती वचनाचा मूळ श्रोत्यांना कोणता अर्थ कळला असावा हे सांगते. ते वचन आज बंधनकारक आहे किंवा नाही, हे ती ठरवू शकत नाही. तो प्रश्न श्रद्धेचा व नीतीचा आहे. दुसरे असे की, इतिहासाची साधने तुटपुंजी असतात आणि अभ्यासक स्वतःही पूर्वग्रहांपासून मुक्त नसतो. फिबीच्या उदाहरणातील अनुवादक विद्वान होते, ग्रीक जाणत होते. तरीही त्यांच्या काळाची दृष्टी अनुवादात उतरली. म्हणून व्याकरणाचे ज्ञान आवश्यक असले तरी पुरेसे नाही. स्वतःच्या गृहीतांची तपासणीही तितकीच आवश्यक आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की व्याकरण व इतिहास यांची जोड मिळाल्यास वचनाचा विपर्यास करणे कठीण होते. याचा लाभ विशेषतः त्यांना होतो, ज्यांच्याविरुद्ध धर्मवचने वापरली गेली. रमाबाईंनी उतारवयात दोन परक्या भाषांचे व्याकरण गिरविले, त्यामागील निकड यातून समजते. इब्री किंवा ग्रीक न जाणणाऱ्या अध्यापकालाही या पद्धतीचा अवलंब काही प्रमाणात करता येईल. एकाच वचनाचे दोन-तीन अनुवाद शेजारी ठेवावेत, ते कोठे वेगळे पडतात ते पाहावे आणि वक्ता, श्रोता व प्रसंग यांविषयी प्रश्न विचारावेत. हीच शिस्त सूत्रपाठ, अभंग, स्मृतिवचन वा कायद्याचे कलम शिकवितानाही उपयोगी पडेल. आपल्या वर्गातील विद्यार्थिनीने 'हे मूळात असेच आहे काय?' असा प्रश्न विचारला, तर तिला उद्धट न मानता मूळ संहितेपर्यंत नेणे हे अध्यापकाचे कर्तव्य होय.