चाकांवरचें घर आणि एकपदरी वाट

ज्या घरांत चूल आहे, बिछाना आहे, पाण्याचें टाकें आहे, दिवा आहे, आणि तरीहि जें रोज सायंकाळीं नव्या ठिकाणीं उभें राहतें, असें घर आमच्या वाचकांपैकीं कितींनीं पाहिलें असेल? घोड्यावर संसार लादून निघालेलीं धनगरांचीं बिऱ्हाडें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. तीं पोटासाठीं चालतात. विलायतेंत कित्येक कुटुंबें सुटीच्या दिवसांत केवळ हौसेनें मोटारीवर बिऱ्हाड मांडून हिंडतात. मोटार व घर एकच असेल तर त्यास मोटारघर म्हणावें. घर वेगळें असून मोटारीच्या मागें जोडलेलें असेल तर त्यास कॅरव्हान म्हणतात. आमचे एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त ग्लासगो शहरीं राहतात. त्यांनीं २०२४ सालच्या जून महिन्यांत आम्हांस आग्रहानें बोलावून, भाड्यानें घेतलेल्या मोटारघरांतून स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील मल्ल नांवाच्या बेटावर पांच दिवस फिरविलें. या नांवाचा आपल्या कुस्तीशीं कांहीं संबंध नाहीं, हें आमच्या तालीमबाज विद्यार्थ्यांस प्रथमच सांगून ठेवतों. पाहिलेल्या स्थळांची यादी देण्याचा आमचा हेतु नाहीं. असला प्रवास कसा चालतो, आणि तो करणाऱ्यास कोणता एक धडा अवश्य शिकावा लागतो, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

ही हौस फार जुनी नाहीं. गॉर्डन स्टेबल्स या नांवाचे एक स्कॉटिश गृहस्थ आरमारांत डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनीं मुलांसाठीं साहसाच्या पुष्कळ गोष्टी लिहिल्या. १८८५ सालीं त्यांनीं ब्रिस्टल येथील कारखान्यांत स्वतःसाठीं एक चाकांचें घर बांधवून घेतलें व त्यास ‘वाँडरर’, म्हणजे ‘भटक्या’, असें नांव दिलें. दोन घोडे जोडून ते इंग्लंडांतून थेट उत्तर स्कॉटलंडांतील इनव्हर्नेसपर्यंत गेले. घर अवजड आणि रस्ते अरुंद. म्हणून त्यांचा चाकर तीनचाकी सायकलीवर बसून पुढें जाई व समोरून येणाऱ्यांस सूचना देई. १९०७ सालीं कॅरव्हानवाल्यांची एक संस्था निघाली, तिचे हे डॉक्टर उपाध्यक्ष झाले. सायकलीवरील त्या चाकरास वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां आमच्या घराकडे वळूं. तें सुमारें सहा मीटर लांब होतें. दारांतून आंत गेलें कीं उजव्या हातास दोन शेगड्या व हात धुण्याची मोरी, समोर बांक व मेज, मागच्या अंगास बिछाने. मेज खालीं उतरवून त्यावर गादी टाकली कीं तिसरा बिछाना तयार होई. स्वयंपाक सिलिंडरमधील गॅसवर होतो. दिव्यांसाठीं निराळी बॅटरी असते. ती मोटार चालतांना भरते, किंवा मुक्कामाच्या तळावर विजेची तार जोडून भरतां येते. शुद्ध पाण्याचें टाकें एक, वापरलेल्या पाण्याचें दुसरें. शौचकूपाखालीं एक बंद पेटी असते. ती बाहेर काढून ठरलेल्या जागींच रिकामी करावी लागते. अशा घरांत दोन दिवस राहिलें म्हणजे आपण पाणी किती सांडतों व कचरा किती करतों हें कोणी न सांगतां समजतें, कारण दोहोंचें माप डोळ्यांपुढें असतें. नळ सोडून ठेवण्याची ज्यांस संवय आहे अशा मुलांस तेथें आठवडाभर ठेवावें, असें आम्हांस वाटलें.

मल्ल बेटावर जाण्यास पूल नाहीं. ओबान बंदरांतून मोठी नाव निघते, तिच्या पोटांत मोटारी ओळीनें उभ्या करतात, आणि पाऊण तासाच्या सुमारास ती क्रेगन्युअरच्या धक्क्यास लागते. मोटारघराची लांबी आगाऊ कळवावी लागते, कारण नावेंत जागा मोजकी असते. गॅसची तोटी बंद करून सर्वांनीं वरच्या मजल्यावर जावें असा नियम आहे. २०१५ सालीं या नावांचें भाडें पुष्कळ कमी करण्यांत आलें. त्यामुळें बेटावरील लोकांची सोय झाली, व आमच्यासारख्या पाहुण्यांची गर्दीहि वाढली.

बेटाचें क्षेत्रफळ सुमारें ८७५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईहून मोठें. परंतु वस्ती तीन हजारांच्या आसपास. येथील डोंगर पाहून आम्हांस परकें असें वाटलें नाहीं. उत्तर भागांत डोंगरांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें एकीवर एक रचलेल्या दिसतात. सह्याद्रींत आपण हेंच रूप पाहतों, आणि त्याचें कारणहि तेंच. आपलें पठार सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाच्या थरांनीं बनलें. मल्ल बेटावरील थर सुमारें सहा कोटी वर्षांपूर्वींचे आहेत. जवळच्या स्टाफा नांवाच्या चिमुकल्या बेटावर हा रस थंड होतांना आकसून त्याचे खांब बनले आहेत. तसेच खांब मुंबईंत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर आमच्या विद्यार्थ्यांस पाहतां येतील. पुढें हिमयुगांत बर्फाच्या नद्यांनीं मल्ल बेट कोरून काढलें. त्यामुळें समुद्राचे लांबलांब फांटे आंत शिरले आणि सपाट जमीन थोडी उरली. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास पाणी किंवा दलदल, आणि खर्च सोसणारी माणसें थोडीं. अशा ठिकाणीं रुंद सडका कोठून होणार? म्हणून बेटावरील बहुतेक रस्ते एकपदरी आहेत. दोन्ही दिशांच्या गाड्यांनीं त्याच एका पट्टींतून जावयाचें.

हें कसें साधतें? थोड्याथोड्या अंतरावर रस्ता एका बाजूस फुगवून एक मोटार उभी राहील एवढी जागा केलेली असते व तेथें खांबावर पांढरी पाटी लावलेली असते. तिला पासिंग प्लेस म्हणतात. आपले गाडीवाले ज्यास ‘साइड देणें’ म्हणतात, त्याचीच ही सोय. तेथेंहि आपल्याप्रमाणें गाडी डावीकडून चालवितात. समोरून गाडी येतांना दिसली, आणि अशी जागा आपल्या डाव्या हातास असली, तर तींत शिरून थांबावें. जागा उजव्या हातास असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबावें, म्हणजे समोरचा तींत शिरून निघून जातो. चढावर येणाऱ्यास उतरणाऱ्यानें शक्यतों वाट द्यावी. प्रसंगीं मागें सरावें लागलें तर कुरकूर न करितां सरावें. या जागेंत गाडी लावून फोटो काढीत बसणें किंवा जेवण उरकणें हा मोठा अपराध समजतात. प्रत्येक वेळीं दोघे चालक हात वर करून एकमेकांचे आभार मानतात. दिवसांतून पन्नास वेळां हात वर होतो, पण त्याचा कंटाळा आलेला कोणी दिसला नाहीं.

नियमांचा आणखी एक भाग आहे, आणि तोच आम्ही विसरलों. पासिंग प्लेस केवळ समोरून येणाऱ्यासाठीं नसते. मागून येणाऱ्यासहि पुढें जाऊं देण्यासाठीं असते.

दुसऱ्या दिवशीं आम्ही क्रेगन्युअरहून बेटाच्या नैर्ऋत्य टोंकाकडे निघालों. रस्ता सुमारें साठ किलोमीटरांचा, दरींतून जाणारा. पाऊस रिमझिमत होता. समोरून कोणी आला कीं आम्ही दुरूनच थांबूं, हात वर करूं, आणि आपण किती सभ्यपणें चाललों आहों याचा मनांत अभिमान बाळगूं. मागें एक लहान मोटार केव्हांपासून येत होती, हें आम्हां दोघांच्याहि ध्यानांत नव्हतें. पुढें एका गांवांत आम्ही थांबलों तेव्हां तीहि थांबली. तींतून एक प्रौढ बाई उतरल्या. घरोघरीं जाऊन रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या त्या परिचारिका होत्या. त्यांच्या आवाजांत राग नव्हता. त्या म्हणाल्या, “आपण सुटीवर आलां आहां याचा आम्हांस आनंद आहे. परंतु आम्ही सुटीवर नाहीं, एवढें ध्यानांत असूं द्या. पुढच्या घरीं एक म्हातारे गृहस्थ इंजेक्शनसाठीं माझी वाट पाहत आहेत.” एवढें बोलून त्या निघूनहि गेल्या.

आम्ही कांहीं वेळ गाडींतच बसून राहिलों. आमचे विद्यार्थी म्हणाले, “सर, चूक माझी. गाडी मी चालवीत होतों.” आम्हीं म्हटलें, “नव्हे रे, तुझी नजर समोर होती. मी रिकामा बसून डोंगर पाहत होतों.” तेव्हांपासून आरशांत पाहण्याचें काम आमच्याकडे आलें. मागें गाडी दिसली कीं आम्ही “साइड” म्हणावें आणि त्यांनीं पुढच्या जागेंत शिरावें. डॉक्टर स्टेबल्स यांच्या सायकलवाल्या चाकराचें मोल आम्हांस त्या दिवशीं कळलें. आपलें ओझें दुसऱ्यास आडवें येतें, हें ओळखून त्यांनीं त्यासाठीं एक माणूस नेमला होता.

त्या बाईंच्या शब्दांचा अर्थ पुढील दिवसांत उलगडत गेला. बेटावरील रुग्णालय क्रेगन्युअर येथें आहे. दूरच्या गांवाहून तेथें येण्यास हाच रस्ता. बेटाच्या या नैर्ऋत्य भागांतील हायस्कूलचीं मुलें नावेनें ओबानला जातात व आठवडाभर तेथील वसतिगृहांत राहतात. सोमवारीं नाव चुकली तर शाळा चुकली. दूध, टपाल, मेंढरें, रोगी आणि विद्यार्थी हे सारे या एकपदरी वाटेनें जातात, आणि आपण मात्र तिला देखावा पाहण्याची गच्ची समजतों.

हा मुलूख मोकळा दिसतो, परंतु तो नेहमींच असा नव्हता. मल्लच्या पश्चिमेस उल्वा नांवाचें लहान बेट आहे. आफ्रिकेंत गेलेले सुप्रसिद्ध मिशनरी डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांचे आजोबा येथलेच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथें सुमारें ६०० माणसें राहत. बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आणि १८४६ ते १८५१ या काळांत जमीनमालकानें मेंढरांच्या कुरणांसाठीं बहुतेक कुटुंबांस घराबाहेर काढलें. त्यांच्या घरांच्या छपराविना उभ्या असलेल्या भिंती आजहि दिसतात. २०१८ सालीं स्थानिक लोकांच्या संस्थेनें हें बेट विकत घेतलें, तेव्हां तेथें बोटांवर मोजण्याइतकीच माणसें उरलीं होतीं. आतां तेथें पुनः वस्ती करण्याचा प्रयत्न चालू आहे. हें वाचल्यावर “अहाहा, कसा शांत एकांत!” असें म्हणण्यापूर्वीं आम्ही क्षणभर थांबूं लागलों. जे थोडे लोक उरले आहेत, त्यांस येथें राहणें अवघड होईल असें पाहुण्यानें तरी वागूं नये.

रात्रीच्या मुक्कामाचेंहि असेंच आहे. स्कॉटलंडांत २००३ सालच्या कायद्यानें कोणासहि डोंगरांतून, माळावरून जबाबदारीनें फिरण्याचा हक्क दिला आहे; परंतु तो पायीं, सायकलीवर किंवा घोड्यावर जाणाऱ्यास आहे, मोटारीस नाहीं. म्हणून मोटारघरानें नेमलेल्या तळावर उतरावें हें उत्तम. कॅलगरीच्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यालगत जी हिरवळ आहे, तिच्याखालीं शंखशिंपल्यांचा चुराच असतो. गवताच्या मुळांनीं तो धरून ठेवलेला. एका मोटारीचीं चाकें रुतलीं कीं मुळें तुटतात आणि वारा पुढील काम करतो. शौचकूपाच्या पेटींत औषध घालतात. ती ओढ्यांत ओतली तर पाणी नासतें. असें करणारा पाहुणा सकाळीं निघून जातो, घाण मात्र घरधन्याकडे राहते.

शेवटल्या दिवशीं आम्ही आयोना पाहिलें. मल्लच्या टोंकापासून तें होडीनें दहा मिनिटांवर आहे. ५६३ सालीं संत कोलंबा आयर्लंडहून बारा सोबत्यांसह येथें आले व त्यांनीं मठ स्थापिला. येथूनच ख्रिस्ती धर्म व विद्या स्कॉटलंडांत दूरवर पसरली. पुढें मठ पडून गेला. १९३८ पासून जॉर्ज मॅक्लाउड नांवाच्या पाळकांनीं बेकार कारागीर व तरुण धर्मोपदेशक यांस एकत्र घेऊन मठाच्या पडक्या इमारती पुनः उभारल्या. या बेटावर पाहुण्यांस मोटार नेण्याची परवानगी नाहीं. आमचें घर आम्हीं धक्क्यावर ठेवलें आणि हातांत एक छत्री घेऊन पायीं निघालों. पांच दिवसांत प्रथमच आम्ही कोणाच्या वाटेंत नव्हतों. देवळांत बसलों असतां आमच्या मनांत त्या परिचारिकाबाईंचा व त्यांची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्यांचा विचार आला, आणि आम्हीं दोघांसाठींहि प्रार्थना केली.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें विलायतेस जाईल, कोणी मोटारघरांत राहील. बहुतेक जण मात्र आपल्याच घाटांतून, आपल्याच गांवांच्या अरुंद रस्त्यांतून सहलीस जातील. शाळेची बस गडाच्या पायथ्याच्या खेड्यांत शिरते तेव्हां आपणहि तेथील पाहुणेच असतों. बैलगाडी, दूधवाला, दवाखान्याकडे निघालेली रिक्षा आपल्यामागें खोळंबली आहे काय, हें चालकानें पाहावेंच. पण जो रिकामा बसला आहे त्यानेंहि पाहावें. पुढच्या सहलीस आरशाजवळच्या बांकावर कोण बसणार, तें विद्यार्थ्यांनीं आतांच ठरवून ठेवावें.