माळ्यावरच्या तबकड्या मोडीत देण्यापूर्वी

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी खाली येते आणि तिच्यात सासऱ्यांच्या वेळच्या रेकॉर्डी निघतात. वाजवायला यंत्र नाही, मग ही अडगळ कशाला? भंगारवाला दारात असतोच! लताबाईंची, आशाबाईंची रेकॉर्ड गेली तर फार बिघडत नाही. ती गाणी पुन्हा पुन्हा निघाली आहेत. मात्र त्याच ढिगातून कधी कधी जे जाते, ते दुसरीकडे कुठेच सापडत नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत सात इंची, ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डी घरोघरी आल्या. त्यांत दोन ते चार गाणी मावत. नामवंतांबरोबर कोळीगीतांच्या, भीमगीतांच्या, कव्वालीच्या कितीतरी पार्ट्यांनाही या छोट्या तबकडीने जागा दिली. लेबलावर मुख्य गायकाचे नाव असे आणि पुढे दोनच शब्द, ‘आणि पार्टी’. ढोलकीवाला, क्लॅरिनेटवाला, मागे झील धरणाऱ्या बायका, सगळे त्या दोन शब्दांत! आपल्या कल्याणचे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) घराघरांत पोचले. पण एखादीच रेकॉर्ड काढून पुन्हा नोकरीधंद्याला लागलेल्यांना कोण ओळखणार?

आपल्या भागात तर हा साठा भारीच मिश्र. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकींत आली, १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथला कारखान्यांमुळे गावोगावचे कामगार आले. बदलापूरकडे आगरी गावे आहेतच. त्यामुळे उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे एकाच गोणीत मास्टर चंदर यांची सिंधी गाणी, लग्नातली गाणी नि भीमगीते शेजारी शेजारी मिळतात. माझा संग्रह बुटांच्या दोन खोक्यांत मावेल एवढाच आहे. ‘हे’ त्याला कचरा म्हणतात! पण एकदा एक कोळीगीत लावले, तेव्हा शेजारच्या आजी हातातली भाजी टाकून उठल्या. कोरसातला एक आवाज त्यांच्या थोरल्या जावेचा होता. लेबलावर तिचे नाव नाही. आता माझ्या वहीत आहे.

गिटारवाल्या पोरांचेही असेच झाले. सिमला सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेतल्या बँडांच्या दोन मोठ्या रेकॉर्डी १९७० आणि १९७१ साली निघाल्या. कलकत्त्याचा ग्रेट बेअर, बंगळूरचा डायनोसॉर्स अशी त्यांची नावे. देशात त्यांना सगळे विसरले. परदेशातल्या शौकिनांनी मात्र त्या शोधून काढल्या आणि त्या पुन्हा छापल्या गेल्या. आपल्या ‘आणि पार्टी’ला असा वाली क्वचितच भेटतो. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जुन्या रेकॉर्डींच्या शौकिनांची संस्था निघाली, तिने पुष्कळ काम केले. पण तुमच्या माळ्यावर काय आहे, ते तुम्हीच पाहायला हवे, नाही का?

पेटी उघडलीत की एवढे करा.

जड आणि आपटली की फुटणारी ती ७८ फेऱ्यांची, लाखेची. तिला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. हलकी, किंचित वाकणारी ती प्लॅस्टिकची. ती कोमट पाण्यात थेंबभर सौम्य साबण घालून, रेघांच्या दिशेने मलमलीने पुसा. लेबल भिजू देऊ नका. सावलीत उभी वाळवा.

रेकॉर्डी एकावर एक रचू नका. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हाची खिडकी आणि गॅसजवळचे कपाट टाळा. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून अधूनमधून पाहत जा.

७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डीला जाड सुई लागते. साधी सुई लावून ती वाजवू नका. चालू यंत्र असलेले कोणी ओळखीचे असेल, तर एकदा वाजवून मोबाइलवर उतरवून घ्या.

सर्वांत महत्त्वाचे, लेबलावरचा नंबर आणि नावे वहीत लिहा. मग रेकॉर्ड घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवा नि विचारा, “यात आपल्या ओळखीचे कोण?” सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीची आहेत. रेकॉर्ड पुढच्या दिवाळीपर्यंत थांबेल. त्यांना मात्र या सुट्टीतच विचारा.