भावाच्या गाडीसाठी

मोटारशर्यतींच्या जगात नामवंत चालकाने संघ बदलावा की नाही, या प्रश्नावर वाद झडत असतात. लुइस हॅमिल्टनने मॅक्लॅरेन सोडून २०१३ साली मर्सिडीझची वाट धरली तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. पुढे त्याच संघाकडून त्याने सहा जगज्जेतेपदे मिळविली. २०२५ साली तो फेरारीत गेला आणि वाद पुन्हा रंगला. परंतु या प्रश्नाची खरी कसोटी पाहावयाची तर आम्ही वाचकांस पन्नास वर्षे मागे, ब्राझील देशी नेऊ इच्छितो.

साओ पाउलोचे फिटिपाल्डी बंधू दोघेही शर्यतपटू. विल्सन थोरला, एमर्सन धाकटा. एमर्सन १९७२ साली लोटस संघाकडून जगज्जेता झाला तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता. सर्वांत तरुण जगज्जेत्याचा हा मान त्याच्याकडे २००५ पर्यंत राहिला. १९७४ साली त्याने मॅक्लॅरेनमध्ये जाऊन दुसऱ्यांदा विजेतेपद पटकाविले. म्हणजे संघ बदलण्याचे गोड फळ त्याने एकदा चाखलेले होते. असा हा मनुष्य १९७५ च्या अखेरीस मॅक्लॅरेन सोडतो आणि जातो कोठे, तर विल्सनने उभारलेल्या ब्राझिली संघात, ज्याला त्या पहिल्या वर्षी एकही गुण मिळाला नव्हता!

या संघाच्या पाठीशी होती कोपरसुकार, म्हणजे तेथील साखर उत्पादकांची सहकारी संस्था. सहकारी साखर म्हटली की आपल्या लोकांना जे आठवते ते आठवो. तेथील साखरेने मात्र शर्यतीची मोटार उभी केली.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. मॅक्लॅरेनच्या गाडीत जे फोर्ड-कॉसवर्थ इंजिन होते, तेच भावाच्या गाडीतही होते. ते इंजिन विकत मिळे, आणि त्या काळी बहुतेक संघ तेच वापरीत. म्हणजे इंजिन तेच, चालकही तोच. बदलला तो केवळ सांगाडा आणि त्यामागील अनुभव. मॅक्लॅरेनची एम-२३ ही गाडी १९७३ पासून शर्यतीत उतरत होती, वर्षानुवर्षे घासून-पुसून लख्ख झालेली. विल्सनच्या मंडळींचे सारेच नवे होते. फरक किती पडावा? १९७६ साली बेल्जियममधील झोल्डर येथे दोन वेळचा हा जगज्जेता शर्यतीस पात्रसुद्धा ठरला नाही. अख्ख्या वर्षात त्याला गुण मिळाले तीन.

आणि मॅक्लॅरेनमधील रिकाम्या जागेचे काय झाले? ती मिळाली जेम्स हंट या इंग्रज चालकास, ज्याचा हेस्केथ संघ नुकताच मोडकळीस आला होता. त्याने त्याच वर्षी सहा शर्यती जिंकल्या आणि ६९ विरुद्ध ६८ अशा एका गुणाने निकी लाउडावर मात करून तो जगज्जेता झाला. लाउडा मध्यंतरी भीषण अपघातात होरपळून दोन शर्यतींना मुकला होता, हेही न्यायाने सांगावयास हवे.

उत्तम चालक वाईट गाडीलाही वर काढतो, असे म्हणणाऱ्यांनी झोल्डर विसरू नये. आमच्या मते एमर्सन भावाकडे गेला यात वावगे काही नव्हते. गेला तो चार-पाच वर्षे लवकर. ऐन एकोणतिशीच्या उंबरठ्यावर, हाती जिंकणारी गाडी असताना, घरच्या कारखान्याची उमेदवारी त्याने स्वतः करावयास नको होती. तीस कोणी नवखा चालला असता. तरीही १९७८ साली रिओ येथे आपल्या देशबांधवांसमोर त्याने त्याच संघाच्या गाडीतून दुसरा क्रमांक मिळविला, तो दिवस हिशेबाच्या वहीत कोणत्या रकान्यात मांडावा, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा विजय मात्र त्याच्या वाट्यास आला नाही. १९८० च्या अखेरीस त्याने चालकपद सोडले आणि १९८२ नंतर संघही बंद पडला.

गंमत अशी, की याच संघात १९८० आणि १९८१ ही दोन वर्षे काढून केके रोसबर्ग नावाचा फिनलंडचा चालक विल्यम्समध्ये गेला आणि लगेच १९८२ चा जगज्जेता ठरला.

एमर्सन पुढे अमेरिकेत रमला. १९८९ आणि १९९३ साली त्याने इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली. तेथे विजेत्याने दूध पिण्याची परंपरा आहे. ब्राझीलमध्ये संत्र्यांच्या बागा असलेल्या या गृहस्थाने दुसऱ्या खेपेस आधी संत्र्याचा रस प्याला, आणि प्रेक्षक रागावले.